अर्धं टोपण

अंजूरच्या खाडीकडच्या वीटभट्टीवर सरकारी जीप दिसली की पहिली हाळी ठकुबाईची उठायची. "आली गं, आली!" एवढंच. कोण आली आणि कशाला आली हे सांगायची गरज नव्हती. थापायचे साचे जागच्या जागी पडायचे आणि चिखलानं भरलेल्या हातांनी बायका आपापली पोरं उचलून पळायच्या. कुणी झोपडीत गोधडीखाली, कुणी तुसाच्या ढिगामागं, कुणी कच्च्या विटांच्या थप्पीत पोर दडवायची. मालकाच्या माणसांना ती गंमत वाटायची. घार आली, कोंबड्या पळाल्या, म्हणून ते हसायचे. हसायला त्यांचं काय जात होतं?

या पळापळीला कारण होतं. गेल्या साली शेलार गावाच्या अंगाला एका भट्टीवर रघूचं पोर असंच तोललं होतं. रघू म्हणजे इथं चिखल तुडवणाऱ्या विठूचा थोरला भाऊ. झोळीत घातलं, काट्याला टांगलं, बाई म्हणाली वजन भरत नाही, आणि जीपमध्ये घालून कुठल्याशा मोठ्या दवाखान्यात नेलं. आईला दारातच बसवून ठेवलं. तिसऱ्या दिवशी गाठोडं हातात दिलं. पोर त्याआधी पंधरा दिवस हगवणीनं झिजत होतं हे खरं, पण ते आता कुणाच्या ध्यानात नव्हतं. ध्यानात होतं ते एवढंच, की तोललं आणि गेलं. "तोलतात ती मासळी," ठकुबाई म्हणायची. "जित्या जिवाला कुनी तोलतं का?"

विठू आणि तुळजा शहापूरच्या डोळखांबकडचे. भात कापून झालं, दिवाळी सरली की बिऱ्हाड पाठीवर घेऊन खाली उतरायचं आणि पावसाच्या तोंडाला परत जायचं, हा त्यांचा तिसरा हंगाम. यंदा बिऱ्हाडात एक जीव जास्तीचा होता. सुकन्या सव्वा वर्षाची होती, पण उचलली तर आठ महिन्यांची वाटायची. हात काडीचे, पोट तेवढं पुढं. रडणंसुद्धा बारीक. आपल्या पोरीचं काहीतरी बिनसलंय हे तुळजाला कळत होतं. आईला कळतंच. पण कळून जायचं कुठं? दवाखान्याचं नाव काढलं की जावेचा चेहरा समोर यायचा, मांडीवर गाठोडं घेऊन बसलेली, डोळ्यांत टिपूस नाही.

भट्टीवर आणखी एक गोष्ट होती, आणि ती बायकांपलीकडं कुणाला ठाऊक नव्हती. खोकल्याची बाटली. भिवंडीतले लूमवाले डबल शिफ्ट मारायला ते लाल औषध पितात, टेम्पोवाले पितात. अशाच एका टेम्पोवाल्याकडून ठकुबाई बाटली घ्यायची. बाटली एक, पण टोपणं बायकांची आपापली. टोपणात थेंबभर घ्यायचं, बोट बुडवायचं, पोराला चाटवायचं, की पोर दुपारपर्यंत गप. पोर रडलं की हात थांबतो आणि हात थांबला की मुकादम दामूचं तोंड सुटतं. यात काही वाईट आहे असं एकीच्याही मनात आलं नव्हतं. त्यांच्या आज्यांनी लावणीच्या दिवसांत पोरांना अफू चाटवलीच होती, आणि ती पोरं मोठी होऊन आज विटा थापत होती. जी मोठी झाली नाहीत त्यांचा हिशेब कोण ठेवतो!

होळीच्या आधीचा मंगळवार. दोन हजार आठ सालची गोष्ट. उन्हं चढली होती, खाडीकडून खारट वारा येत होता आणि पलीकडच्या शेतात नव्या गोदामाचे पत्रे ठोकत होते. तुळजा उकिडवी बसून विटा थापत होती. चिखलाचा गोळा तुसात लोळवायचा, साच्यात आपटायचा, वरून तळहात फिरवायचा, साचा उलटा करून उचलायचा. तळहाताची कातडी सोलून निघाली होती. विठू मागं चिखल तुडवत होता, गुडघ्यापर्यंत त्यात.

"आली गं, आली!"

जीप बांधावरून उतरत होती. सुकन्या झोळीत किरकिरत होती, सकाळपासून तिनं दूधही धड ओढलं नव्हतं. लपवली तर रडणार, रडली तर सापडणार.

"मावशी, ही गप बसायची न्हाय गं," तुळजा धापा टाकत ठकुबाईच्या झोपडीशी गेली.

ठकुबाईनं बाटली काढली. बोट बुडवण्याइतका वेळ नव्हता. तुळजानं टोपण पुढं केलं, ते निम्मं भरलं. "घाल, घाल लवकर," ठकुबाई म्हणाली, आणि तुळजानं ते अर्धं टोपण पोरीच्या तोंडात ओतलं, नाक दाबून गिळायला लावलं. मग टोपण कनवटीला खोचलं.

गेल्या खेपेच्या पळापळीनंतर विठूनं कच्च्या विटांच्या थप्पीत मुद्दाम हातभर पोकळी ठेवली होती. तुळजानं सुकन्याला आत सरकवलं, खाली धडपा, वर पोतं. दोन मिनिटं बारीक आवाज आला. मग तोही थांबला. तुळजाला हायसं वाटलं. पुढं जन्मभर तिला त्या हायसं वाटण्याची लाज वाटत राहिली.

जीपमधून उतरलेली नर्सबाई नवीन होती. मृणाली नाव, वज्रेश्वरीची, बाप देवळापाशी ओटीचं सामान विकायचा. आधीची बाई मुकादमाला घेऊन झोपड्यांत शिरायची, गोधड्या उचकटायची. ही तसं करत नव्हती. बाभळीला तिनं काटा टांगला, खाली कापडाची झोळी अडकवली आणि उन्हात उभी राहिली. झोळी वाऱ्यानं हलत होती. तिच्यात घालायला एकही पोर आलं नाही.

मग ती फिरत फिरत तुळजापाशी आली. "तुझं मूल कुठंय गं?"

"मला पोर न्हाय," तुळजा साच्याकडं बघत म्हणाली.

तुळजानं मान वर केली तर बाईची नजर तिच्या पोलक्यावर होती. पाजायची वेळ टळून गेली होती आणि दुधानं पोलकं ओलं झालं होतं, दोन्हीकडं, रुपयाएवढं. तुळजानं चिखलाच्या हातानंच पदर ओढला. आता ही मुकादमाला हाक मारणार, थप्पी उचकटणार.

"बरं," नर्सबाई म्हणाली. "मी पलीकडच्या भट्टीवर आहे. तीन वाजेपर्यंत तिथंच आहे, कुठं जाणार नाही." आणि काटा काढून, झोळी गुंडाळून ती निघून गेली.

जीप गेल्यावर बायका हसल्या. "रिकामी गेली बया," ठकुबाई म्हणाली. तुळजानं थप्पीत डोकावून पाहिलं. पोर झोपली होती. झोपू दे, म्हणून ती परत साच्याकडं वळली. दामू ओरडत होताच, सकाळपासून विटा कमी पडल्या म्हणून.

भाकरीच्या वेळेला ती सुकन्याला पाजायला गेली. पोतं बाजूला केलं, उचलली, तर मान मागं लोंबली. तोंडात स्तन दिला, ओठ हललेच नाहीत. ओठांचा रंग जांभळासारखा झाला होता. तुळजानं गालावर चापट मारली, पायाला चिमटा काढला. एक श्वास आला. मग किती तरी वेळ काहीच नाही. मग पुन्हा एक.

"मावशी!"

ठकुबाईनं कांदा फोडून नाकाशी धरला, तोंडावर पाणी मारलं, मीठमिरच्या उतरून चुलीत टाकल्या. मिरच्यांचा ठसका साऱ्या बायकांना लागला. सुकन्याला लागला नाही. तेव्हा ठकुबाईचंही तोंड उतरलं.

विठू धावत आला. पोरीकडं बघून चिखलाच्या पायांनिशी तो तिथंच मटकन बसला.

"नर्सबाई पलीकडं हाय," तुळजा म्हणाली. "तीनपातूर हाय म्हनली."

"तिकडं न्हाय न्यायची." विठूनं तिचा हात धरला. "रघूदादाचं काय झालं इसरलीस? आत नेतील न् दार लावतील. जायची आसंल तर आपल्या मांडीवर जाऊ दे."

"अवो, सोडा."

"तुळजे, ऐक—"

"सोडा म्हनते ना!" तिनं दातानं त्याचा हात चावला आणि पळत सुटली. लग्नाला चार वर्षं झाली होती, तोवर तिनं नवऱ्याला उलटून शब्द दिला नव्हता.

मधलं शेत गोदामासाठी भराव टाकून उंच केलं होतं. दगडगोटे, मुरूम, सळ्यांचे तुकडे. ती अनवाणी त्यातून पळत होती आणि पळता पळता पोरीच्या तोंडाशी कान नेत होती. पलीकडं जीप दिसली. ड्रायव्हर दार लावत होता. पण नर्सबाईनं तिला पाहिलं. पाहिलं म्हणण्यापेक्षा ती वाटच बघत असावी, कारण ती लगेच पुढं धावली.

बाईनं पोरीच्या पापण्या उघडल्या, छातीला कान लावला. "गाडी काढा," ती ड्रायव्हरला म्हणाली.

"पोरीला मागच्या सीटवर झोपवा," ड्रायव्हर म्हणाला.

"नको. आईच्या मांडीवरच राहू दे." आणि तुळजाकडं वळून, "मांडीवरून उतरवू नकोस. कुणी काही सांगितलं तरी."

हे शब्द तुळजाला ऐकू आले, पण खरे वाटले नाहीत. जीप अंजूरफाट्याच्या ट्रकांमधून हॉर्न मारत निघाली. मागून विठू पळत येत होता. तो लहान लहान होत गेला आणि धुळीत दिसेनासा झाला. बाई दर थोड्या वेळानं पोरीची हनुवटी वर करायची, तोंडाला तोंड लावून फुंकर घालायची. मध्येच तिनं नाव विचारून घेतलं, मग म्हणाली, "तुळजा, हिला काय दिलं होतंस?"

"कायच न्हाय."

"काहीतरी दिलं असशील. आठव."

"कायच न्हाय, देवाशप्पथ."

कनवटीला खोचलेलं टोपण तिच्या कमरेला रुतत होतं. खरं सांगितलं तर हे म्हणणार, आईनंच पोरीला विष घातलं. पोलीस येतील. पोर वाचली तरी देणार नाहीत, आणि नाही वाचली तर... पुढचं तिच्या डोक्यात शिरेना. ती शपथ घेत राहिली.

भिवंडीच्या सरकारी दवाखान्यात गर्दी होती. दारातल्या माणसानं हात पुढं केले. "पेशंट द्या इकडं, बाई तुम्ही बाहेर बसा."

तुळजानं पोर छातीशी अशी आवळली की नर्सबाईलाच तिचे हात सैल करावे लागले. "आई आत येईल," ती त्या माणसाला म्हणाली.

"आत अलाऊड नाही, मॅडम."

"येईल म्हटलं ना! मांडीवरच तपासतील." तिचा आवाज चढला होता आणि कानशिलं लाल झाली होती. तो माणूस पुटपुटत बाजूला झाला.

डॉक्टर तरुण होता, झोप न झालेला. त्यानं तुळजाच्या मांडीवरच्या पोरीच्या तोंडावर प्राणवायूची नळी धरली, बॅटरीनं डोळे पाहिले. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. "फवारणीचं औषध पोटात गेलं का? शेतात होती का ही? का अफूबिफू काही दिलं? बाई, ऐका. दोन्हींत डोळे असेच होतात, पण दोन्हींचं इंजेक्शन वेगळं. चुकीचं दिलं तर वेळ जाईल, आणि वेळ नाहीये."

"न्हाय वो. कायच न्हाय."

डॉक्टरनं नर्सबाईकडं पाहिलं. "हे असंच असतं यांचं," तो इंग्रजी मिसळून काहीतरी बोलला. "दोन मिनिटं. मग मी मोठ्या दवाखान्यात पाठवणार."

मोठा दवाखाना. तुळजानं पोरीला आणखी जवळ ओढलं.

मृणाली नर्सबाई खाली फरशीवर बसली. डाग पडलेली, फिनेलच्या वासाची फरशी. पांढरी साडी मळेल याचं तिला काही वाटलं नाही. तुळजाच्या गुडघ्याला तिचा गुडघा लागला.

"मला तुझं पोलकं दिसलं होतं," ती हळू म्हणाली. "मूल आहे हे मला कळलं होतं. तेव्हाच विचारायला हवं होतं. बायका घाबरून पळाल्या तर परत येणार नाहीत, म्हणून गप्प बसले. माझीच चूक झाली."

तुळजानं तिच्याकडं बघितलं. सरकारी माणूस आपली चूक झाली म्हणतो हे तिनं आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

"सांगितलं तर..." तुळजानं विचारलं. "सांगितलं तर नेतील का तिला? पोलीस येतील?"

नाही म्हणून टाकणं सोपं होतं. "मला नाही माहीत," ती म्हणाली. "कुणीतरी विचारायला येईल बहुतेक. पण येतील तेव्हा मी तुझ्या शेजारी बसलेली असेन. एवढं माझ्या हातात आहे, तेवढंच सांगते."

पोरीचा एक श्वास आला. तुळजा पुढच्या श्वासाची वाट बघत राहिली. तो येईना. येईचना.

तिनं कनवटीत हात घातला आणि टोपण काढून बाईच्या तळहातावर ठेवलं. आतल्या कडेला लाल चिकट रेघ वाळली होती.

"खोकल्याचं," ती म्हणाली. "अर्धं. तुमी आलावता ना, म्हनून."

पुढचं फार भराभर झालं. डॉक्टरनं चिठ्ठी लिहिली, तोवर नर्सबाई पोरीच्या तोंडात फुंकत राहिली, जीपचा ड्रायव्हर समोरच्या मेडिकलमध्ये पळाला, सुई टोचली. किती वेळ गेला ते तुळजाला सांगता आलं नसतं. तिला दिसत होती ती फक्त पोरीची बरगडी. ती एकदा वर आली. मग पुन्हा आली. मग लागोपाठ यायला लागली. सुकन्यानं तोंड वेडंवाकडं केलं आणि रडली, तेच बारीक, कंटाळवाणं रडणं, ज्याच्यासाठी तिला ते औषध पाजलं होतं. तुळजाच्या पोलक्यातून दूध वाहायला लागलं. डॉक्टर तिथंच उभा आहे याचंही तिला भान नव्हतं, ती हुंदके देत पोरीला पाजायला लागली.

संध्याकाळच्या आत विठू चालत येऊन पोचला. दारातल्या माणसाशी वाद घालायची तयारी करूनच तो आला होता. पण तुळजा आत खाटेवर बसलेली आणि पोर तिच्या मांडीवर, हे बघून तो खाटेच्या पायथ्याशीच थांबला. हातावरची दातांची खूण चोळत तो उभा राहिला.

चार दिवस त्यांना ठेवून घेतलं. औषधाचा अंमल उतरला तरी पोर मुळात खंगलेली होती. तिसऱ्या दिवशी फाईल घेतलेली एक बाई आली. तिनं दाराकडं पाहिलं. मृणालीबाई ड्युटी सोडून आली होती, पदराला हात पुसत ती खाटेच्या कडेला येऊन बसली. फाईलवाल्या बाईनं पुष्कळ विचारलं, पुष्कळ लिहून घेतलं. कुठल्या गावचे, पोराला दिवसा कोण सांभाळतं, भट्टीवर सावली आहे का, बाटली कुणाकडून आली.

"ते न्हाय सांगनार," तुळजा म्हणाली. "माजी चूक माज्या पदरात."

फाईलवाल्या बाईनं पेन थांबवलं. नर्सबाईकडं पाहिलं. मग पुढचा प्रश्न विचारला. जाताना म्हणाली की महिन्याला वजन दाखवत राहा, मी अधूनमधून येईन. ते ऐकूनही तुळजाची भीती पुरती गेली नाही. पण पोर मांडीवर होती.

भट्टीवर परतल्यावर बायका तिच्याशी जपून बोलायला लागल्या. पाणी भरताना गप्प व्हायच्या. ठकुबाई एकदा आडोशाला येऊन म्हणाली, "माजं नाव घेतलंस का गं?"

"न्हाय, मावशी."

"खरं सांग."

"लेकीच्या गळ्याची आन."

ठकुबाईनं मान डोलावली, पण बाटली कुठं आहे हे काही सांगितलं नाही.

पाडव्याच्या आदल्या दिवशी जीप आली. या खेपेला हाळी उठली ती दबक्या आवाजात. साचे पडले, बायका पळाल्या. आणि खोटं कशाला सांगायचं, तुळजाचेही पाय पळाले. सुकन्याला काखोटीला मारून ती थप्पीपर्यंत गेली तेव्हा कुठं तिला आपण काय करतोय ते कळलं. तिथं ठकुबाई आधीच वाकलेली होती. तिची दोन वर्षांची नात निशा पोकळीत अर्धी सरकवलेली, आणि म्हातारीच्या हातात बाटली.

"मावशी, पाजलंस?"

"आजून न्हाय. टोपान सापडंना."

"दे तिला हिकडं."

"न्हाय गं, बाय. माजी येकच हाय."

"माजीबी येकच हाय." तुळजानं वाकून ठकुबाईचं मनगट धरलं. म्हातारीची नाडी चिमणीसारखी फडफडत होती. तुळजाचीही तशीच फडफडत होती. "मी हाय ना तुज्यासंगं. आधी माजी चढवते. मग बघ तू, न् मग ठरव."

ठकुबाईनं बाटली विटांच्या फटीत ठेवली आणि नातीला कवटाळून मागं मागं आली.

बाभळीखाली नर्सबाई उभी होती, झोळी वाऱ्यानं हलत होती. तुसाच्या ढिगामागून, झोपड्यांच्या फटींतून साऱ्या बायका बघत होत्या. विठू चिखलात थांबला होता. तुळजानं सुकन्याला झोळीत ठेवलं. पोर घाबरून रडायला लागली आणि तुळजानं झोळीचं कापड मुठीत धरलं. काटा नुसता वरखाली नाचत होता.

"तुळजा," मृणालीबाई म्हणाली, "हात काढ. काटा थांबत नाही."

तुळजाची मूठ सुटेना. सोडायची असं मनानं ठरवलं तरी बोटं ऐकत नव्हती. जावेच्या मांडीवरचं गाठोडं तिला दिसत होतं. तिनं नर्सबाईकडं पाहिलं. बाईनं काट्याकडं बघणं सोडलं होतं, ती खाली वाकून झोळीखाली आपले दोन्ही हात धरून उभी होती, कापडाला न लावता, चार बोटांवर.

तुळजानं एकेक बोट सोडलं. मग हात काढला.

काटा हलला, डुलला आणि थांबला. मागं ठकुबाई निशाला घट्ट धरून बघत होती. "किती भरली गं?" ती हळूच म्हणाली.